दिल्लीत घेतलेलं नाव

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडावाटे काढलं नव्हतं. तशा आमच्याकडच्या बायका काढतच नाहीत. 'अहो', 'ऐकलंत', 'मुलींचे बाबा' एवढ्यावर अख्खा संसार निभावतो. पण उखाण्यात घ्यायला मुभा असते, आणि माझं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. नवी नवरी होऊन गोव्यातल्या पार्से गावी सासरच्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहिले, बायकांनी दार अडवलं, नाव घे मगच आत सोडतो म्हणाल्या. आठ दिवस घोकलेला उखाणा! ऐन वेळी घशाला अशी कोरड पडली की नुसते ओठ हलले. शेवटी नणंदेनं माझ्या वतीनं नाव घेतलं, मी मान हलवली आणि आत गेले. सासू ते कधी विसरली नाही. हळदीकुंकू असो, बारसं असो, बायका मला नावाचा आग्रह करायला लागल्या की ती मधेच म्हणायची, "सोडा गो तिका. तिका नांव घेवंक जमना."

ते 'जमना' मला दरवेळी लागायचं. बोलून काय दाखवणार? खरंच जमत नव्हतं.

आता गंमत अशी की मी मुखदुर्बळ मुळीच नाही. माझं माहेर धारगळचं, भर हमरस्त्यावरचं. वडिलांचं चहा-भज्यांचं दुकान होतं आणि पुढ्यात ट्रक थांबायचे. पंजाब, हरयाणा, कुठले कुठले ड्रायव्हर. त्यांना चहाचे ग्लास नेऊन देता देता मी हिंदी शिकले. शिव्या सोडून सगळी हिंदी मला बोलता येते, आणि शिव्या समजतात.

नवरा सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. राज्य झालं त्या दिवशी ह्यांनी वर्गात पेढे वाटले होते. राजभाषा मराठी की कोकणी ह्यावरून तेव्हा घरोघर तोंडाला तोंड लागायचं. हे मराठीच्या बाजूचे. सभेत दोन तास शुद्ध मराठीत भांडून यायचे, आणि घरात पाय टाकताच म्हणायचे, "उदक हाड गो." म्हणजे पाणी आण. मी हसले की चिडायचे. म्हणायचे, घरातलं वेगळं आणि विचार वेगळा. असेल बाई, मी कशाला वाद घालू.

सरकारी नोकरांना चार वर्षांतून एकदा देश बघायला सवलत मिळते. ह्यांनी ती कधी घेतलीच नव्हती. त्या वर्षी काय अंगात आलं कोण जाणे, शाळेतून आले ते म्हणाले, "आपण दोघं दिल्लीला जायचं. आता आपलं राज्य झालंय, राजधानी बघितलीच पाहिजे." दोघं! चौदा वर्षांत आम्ही दोघंच म्हणून म्हापशाच्या बाजारालाही गेलो नव्हतो. मला इतका आनंद झाला की मी रांधणीत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

मुली सासूकडे राहणार होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकाला म्हणाली, "व्हर रे, पूण परत हाडपाक विसरू नाका. शेणतलें तें थंय." ने, पण परत आणायला विसरू नको, ही तिथं शेणेल, असं. शेणणं म्हणजे हरवणं. आमच्याकडे रानात गुरं शेणतात, जत्रेत पोरं शेणतात. आता मी शेणणार होते. शेजारणीही हसल्या. मनात म्हटलं, थांबा तुम्ही, डोळे उघडे ठेवून जाते आणि डोळे उघडे ठेवून येते. हरवून काही मी येत नाही.

ह्यांनी आईचं बोलणं मनावर घेतलं, माझं नाही. एका कागदावर धर्मशाळेचा पत्ता हिंदीतून लिहिला, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला आणि वर्गात सांगतात तशा आवाजात म्हणाले, "चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही. तू उभं राहायचं, मी शोधत येईन." मी हो म्हटलं. पर्समध्ये मी आणखी दोन गोष्टी ठेवल्या. पोदेराकडची काकणां, म्हणजे पाववाल्याकडचे बांगडीसारखे कडक पाव, आठ दिवस टिकतात म्हणून. आणि ह्यांचा वाचायचा चष्मा, कारण खिशात ठेवला की हे त्यावर बसतात.

पेडण्याहून बस, मग मिरजेहून गाडी. दिल्लीत उतरलो तर अशी थंडी की दात वाजायला लागले. ह्यांनी मफलर बांधला आणि लगेच मला दुसरा नियम सांगितला. "इथं तू बोलू नको, मी बोलतो. ती तुझी ट्रकवाल्यांची हिंदी बाहेर काढू नकोस. राजधानी आहे."

बरं बाबा! मी तोंडाला कुलूप लावलं. आणि हे बोलायला लागले. रिक्षावाल्याला म्हणाले, "महोदय, कुतुबमिनार यहाँ से किस दिशा में स्थित है?" तो बिचारा ह्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं आम्हाला सगळ्या दिशा दाखवल्या, अर्धी दिल्ली फिरवून कुतुबमिनाराशी आणलं. लाल किल्ल्यापाशी तेच, राजघाटापाशी तेच. मी मागं बसून जीभ चावत होते. पण खोटं कशाला सांगू, मजा आली. राष्ट्रपती भवनासमोरच्या त्या रुंद रस्त्यावर आम्ही दोघं काकणां चघळत चाललो होतो, तेव्हा ह्यांनी चक्क माझा हात धरला. पार्शात असलं काही केलं असतं तर गावभर झालं असतं.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनची गाडी होती. सकाळीच धर्मशाळा सोडली, सामान स्टेशनवर ठेवलं. सामानाची पावती आणि दोघांची तिकिटं ह्यांच्या शर्टाच्या खिशात. मधल्या वेळात एक मोठं प्रदर्शन बघायचं होतं, सगळ्या राज्यांचे मांडव होते तिथं, आणि ह्यांना गोव्याचा मांडव बघायचा होता. मी म्हटलं, गोवा बघायला दिल्लीला कशाला, घरी जाऊन बघू की. तर म्हणाले, "तुला नाही कळायचं. राज्य म्हणून आपली पाटी लागलीय तिथं."

दारात पुरुषांची एक रांग, बायकांची वेगळी. बायकांना पडद्याआड नेऊन तपासत होते आणि रांग अशी की संपता संपेना. हे तिकिटाबरोबर मिळालेला नकाशा हातात घेऊन पलीकडच्या रांगेतून आत गेले. मी तपासून बाहेर पडले तर भलत्याच बाजूला. ह्यांचा पत्ता नाही.

मी नियमाप्रमाणे उभी राहिले. अकरा वाजले होते. लोंढेच्या लोंढे अंगावरून जात होते. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. दरवेळी पांढरा शर्ट आणि तपकिरी मफलर दिसला की मी टाचा उंचावून बघायची, आणि तो दुसराच कोणी निघायचा. बाराच्या सुमाराला मला एकदम उमगलं की ह्या माणसाच्या हातात नकाशा आहे आणि चष्मा माझ्या पर्समध्ये आहे. हा जन्मभर शोधत फिरेल! धर्मशाळेच्या चिठ्ठीचा आता काय उपयोग, खोली तर सोडलेली. तिकिटं त्यांच्याकडे. तीनची गाडी चुकली तर पुढं काय, आणि घरी सासू काय म्हणेल, ते मला तिथं उभ्या उभ्या ऐकू यायला लागलं. शेणलें मरे, म्हणेल.

नाही म्हणजे नाही. मी नियम मोडला आणि निघाले.

पहिल्यांदा गोव्याच्या मांडवात गेले, कारण हे तिथं पोहोचल्याशिवाय राहणार नाहीत अशी माझी खात्री. एका शिपायाला विचारलं आणि दोन मिनिटांत पोहोचलेसुद्धा. आत प्लास्टिकचा माड, पुठ्ठ्याचं चर्च, गिटार धरलेला टोपीवाला पुतळा. हे नाहीत. फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक मुलगा पत्रकं वाटत होता. माझी नऊवारी बघून मला म्हणतो, "मॅडम, कभी गोवा आइए, बहुत अच्छी जगह है।" आता काय म्हणावं! मी म्हटलं, "बेटा, मी तिथूनच येतेय. पेडणे कुठंय सांग बघू." तो गडबडला. मग मीच त्याला पेडणे, डिचोली, सगळं सांगितलं, काजूची फेणी कशी उतरवतात ते सांगितलं, आणि असा असा माणूस आला तर इथंच बसवून ठेव म्हणून बजावलं. त्या सगळ्या सजावटीत आमच्या बाजूचं एक पानसुद्धा नव्हतं. हे बघून ह्यांना किती वाईट वाटलं असतं, ह्या विचारानं मला उलट ह्यांचीच कीव आली.

बाहेर एक सरदारजी हवालदार उभा होता. मी तोंडाचं उरलंसुरलं कुलूपही काढून फेकून दिलं. "ओ पाजी, साडा आदमी गुम गया!" धारगळच्या नाक्यावरची अर्धी पंजाबी आपोआप तोंडात आली. तो इतका खूश झाला की स्वतः मला घेऊन निघाला. हरवलेल्या मुलांची एक खोली होती, तिथून भोंग्यावर घोषणा करायचे. आत सात-आठ पोरं, सगळी भोकाड पसरलेली. टेबलाशी एक गृहस्थ रजिस्टर घेऊन बसलेले.

"बच्चे की उमर?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"बयालीस," मी म्हटलं.

मग त्यांनी वर बघितलं.

नाव विचारलं. तोंडानं कुठलं सांगणार, मी कागदावर लिहून दिलं. लिहायला बंदी नाही. त्यांनी भोंग्यावर घोषणा केली, गोव्याहून आलेले अमुक अमुक मास्टरजी, आपली पत्नी आपली वाट बघते आहे, हरवलेल्या मुलांच्या खोलीत या. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा पाच मिनिटांनी. कुणी आलं नाही. एक चिमुरडी माझ्या पदराला धरून रडत होती, तिला मी काकण दिलं, ती चोखत गप्प झाली. मग सगळ्याच पोरांना दिली. खोलीत अशी शांतता झाली की ते गृहस्थ माझ्याकडे आदरानं बघायला लागले. घड्याळात दीड वाजत होता.

मी म्हटलं, मला बोलू द्या. ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हटलं, तुमच्या हिंदीनं तो माणूस येणार नाही, मी त्याला चौदा वर्षं ओळखते. सरदारजीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी माइक माझ्याकडे सरकवला.

आणि घशाला तीच कोरड. अगदी तीच. उंबऱ्यावरची. ओठ हलले, आवाज नाही. पोरं काकणां चोखत माझ्याकडे बघत होती. माझ्या मनात आलं, आता नाव अडकलं तर उखाणाच नाही, माणूसच राहील इथं दिल्लीत. कुठून सुचलं देव जाणे, मी डोळे मिटले आणि सुरू केलं:

दिल्लीच्या गर्दीत चुकली आमची जोडी,

आणि मग मी नाव घेतलं. पूर्ण, 'राव' लावून, खणखणीत. ते इथं लिहीत नाही, सवय ती सवय. पण त्या दिवशी सगळ्या राज्यांच्या मांडवांवरून माझ्या नवऱ्याचं नाव गेलं, काश्मीरवरून गेलं, केरळवरून गेलं.

...धावत या, तीनला सुटते गाडी!

डोळे उघडले तर सरदारजी टाळ्या वाजवत होता. त्याला काडीचंही कळलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि हसू येत होतं. पोटात काहीतरी मोकळं झालं, बाळंत झाल्यावर होतं तसं. जमलं! चौदा वर्षं 'जमना' होतं, ते जमलं!

एक मिनिटसुद्धा गेलं नसेल. समोर रसाची गाडी होती, तिच्या मागून तपकिरी मफलर धावत आला. वीस पावलांवर होता माणूस! दारात येऊन धापा टाकत उभे राहिले, आणि शुद्ध मराठी, राजधानी, सगळं पार विसरून ओरडले, "खंय गेल्लें गो तूं?"

"हांव खंयच वचूंक ना," मी म्हटलं, मी कुठंच गेले नव्हते. "शेणल्यात तुमी."

रजिस्टरवाल्या गृहस्थांनी ह्यांना सही करायला लावली. हरवलेल्या मुलांच्या वहीत, वय बेचाळीस, 'माँ को सौंपा' अशा छापील रकान्यात पेनानं दुरुस्ती करून. मी चष्मा काढून दिला, तेव्हा ह्यांना सही कुठं करायची ते दिसलं.

बाहेर येऊन मी रिक्षा थांबवली. हे तोंड उघडणार इतक्यात मीच म्हटलं, "पाजी, तीन बजे की गड्डी है, उडा दो!" आणि त्यानं उडवली. मी त्याच्याशी गावागावच्या ढाब्यांच्या गोष्टी करत होते, हे गप्प बसून ऐकत होते. स्टेशनवर सामान उचललं, डब्यात पाय ठेवला आणि गाडी हलली. मी खिडकीशी बसले. आयुष्यात कधी इतक्या ऐटीत बसले नव्हते.

मथुरा गेलं. मग हळूच म्हणाले, "घोषणा मी ऐकल्या होत्या."

"काय?"

"तिन्ही ऐकल्या. पण हरवलेल्या मुलांच्या खोलीत या म्हणाले. मी थोडाच हरवलो होतो? मी तर तुला शोधत होतो. म्हटलं, जाऊन उभं कसं राहायचं, शाळामास्तर माणूस... रसाच्या गाडीमागं उभा होतो. वाट बघत होतो, तू दिसशील म्हणून."

इतका राग आला मला! तीन वाजता गाडी, आणि हा माणूस वीस पावलांवर अब्रू सांभाळत उभा! मी तोंड फिरवून बसले. मग ते म्हणाले, "पण तू नाव घेतलंस, तेव्हा पाय आपोआप निघाले बघ. मला माझं नाव तुझ्या आवाजात माहीतच नव्हतं."

काय करायचं अशा माणसाचं? उरलेलं शेवटचं काकण मोडून अर्धं त्यांना दिलं.

घरी पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले. अंगणात मुली, शेजारणी, दारात सासू. मी वाटेत ठरवलं होतं की काही सांगायचं नाही, नवऱ्याची लाज ती आपली लाज. सासूनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि लेकाला म्हणाली, "हाडलें मरे परत. शेणलें ना?"

हे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तें ना, आवय. शेणलों तो हांव." आणि सगळं सांगितलं. रसाच्या गाडीसकट. काही गाळलं नाही. शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण ह्या वेळी माझ्याकडे बघून नाही.

सासू ऐकत राहिली. मग उठली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावून उंबऱ्यावर उभी राहिली. "म्हाका आयकूंक येवंक ना दिल्लीचो भोंगो," ती मला म्हणाली. "हांगा घे."

मी तिथंच, उंबऱ्याबाहेर उभी राहून घेतलं. तोच उखाणा, तेच नाव, तेवढ्याच मोठ्यानं. सासूचे डोळे एकदम ओले झाले. तिनं हात खाली घेतले आणि म्हणाली, "यो गो भितर." मी उजवा पाय आत टाकला.

माझ्यामागून हे यायला लागले, तर तिनं परत हात आडवे केले. "तूं भायर राव. तिचें नांव घे, मागीर भितर यो."

मास्तर माणूस, सभेत दोन दोन तास बोलणारा, आणि तोंडातून शब्द फुटेना. कान लाल झाले, पिशव्या खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. शेजारणी हसून हसून बेजार. मी काही थांबले नाही. आत गेले, लाकडं सारली, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं.

पाण्याला उकळी फुटत होती, तेव्हा अंगणातून माझं नाव ऐकू आलं. यमक काही जुळलं नव्हतं. पण शाळेत हजेरी घेतात तसं, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं घेतलं होतं. मी आतूनच मोठ्यानं म्हटलं, "हजर!"